बरकत, दोन, तीन

मापारी चाचांनी उभ्या आयुष्यात 'एक' हा आकडा तोंडातून काढला नाही. हे मी जबाबदारीनं सांगतो, कारण मी त्यांना सव्वा वर्ष कॉम्प्युटर शिकवला आहे, आणि या यंत्राच्या पोटात एक आणि शून्य याखेरीज दुसरं काही नसतं असं पहिल्याच दिवशी मोठ्या रुबाबात सांगून बसलो होतो. त्यातला 'एक' चाचा म्हणत नसत आणि शून्य त्यांना बघवत नसे. तरीही त्यांनी त्या यंत्रावर जे बनवलं तसं मी पुढे पंधरा वर्षं पगार घेऊनही बनवू शकलो नाही.

धान मोजणाऱ्याला आमच्याकडे मापारी म्हणतात. सिंदेवाहीच्या आसपासच्या वीसपंचवीस गावांत खळ्यावर धानाचा ढीग पडला की चाचांना निरोप जायचा, आणि दुसऱ्या दिवशी कॅरिअरला लाकडी पायली बांधलेली त्यांची सायकल बांधावरून डुलत यायची. चाचा उकिडवे बसत, डोक्याचा रुमाल सारखा करत, पायली ढिगात खुपसून काठोकाठ भरत आणि पोत्यात ओतताना खणखणीत आवाजात म्हणत, "बरकत." मग दोन, तीन, चार. हिंदू मापारी त्याच जागी 'लाभ' म्हणतात, आमचे बाबाही घरचं धान मोजताना तेच म्हणत; पण ते खळं सोडलं की विसरत. चाचा विसरत नसत. दुकानात ते "बरकत किलो साखर" मागत, बसमध्ये "बरकत सिंदेवाही" म्हणून तिकीट काढत, आणि आमच्या एसटीचे कंडक्टर ते निमूटपणे देत. मी लहानपणी त्यांना कारण विचारलं होतं. चाचा म्हणाले, "तो आकडा घेतला का धानाले वाटते, आपल्या मागं कोणी येत नाई."

मोजताना त्यांचं लक्ष मोडणं ही अशक्य कोटीतली गोष्ट होती. पुढचं माप भरेपर्यंत ते मागचा आकडा पुटपुटत राहत, म्हणजे कोणी मधे बोललं तरी गिनती सांडत नाही. एकदा आमच्या खळ्यावर ढिगातून चांगला हातभर साप निघाला. बाबा कुंपणापाशी, मी बाबांच्या पाठीशी, बैल सुद्धा उठून उभे राहिले. चाचा मात्र जागचे हलले नाहीत. "सतरा, सतरा, साप आहे, सतरा, जाऊ द्या त्याले, सतरा, त्याच्या घरात आपनच बसलो, सतरा," असं म्हणत त्यांनी तो जाईपर्यंत पायली हातात धरून ठेवली, आणि तो बांधापलीकडे गेल्यावर ओतली. "अठरा." काम संपलं की पायली ते कधी पूर्ण रिकामी करत नसत. तळाशी मूठभर धान ठेवायचंच. रिकामं माप कोणाला दाखवू नये, निदान आपल्या माणसाला तर नाहीच, असा त्यांचा दंडक होता. त्या मूठभर धानापायी त्यांच्या सायकलमागे चिमण्या लागायच्या, आणि चाचा गावात शिरले हे आधी चिमण्यांवरून कळायचं.

पोरं किती, असं एकदा रेशनकार्डाच्या कामाला आलेल्या बाबूनं त्यांना विचारलं होतं. चाचा म्हणाले, "बरकत." तो बाबू बिचारा नवा होता, तो छापील फॉर्मात बरकतीचा रकाना शोधायला लागला. शेवटी बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "लिव्हा सायेब, पोरगी एक."

ती पोरगी हुशार निघाली. ती दहावीत असतानाच चाची वारल्या, तेव्हापासून घरात दोघंच. बारावीनंतर तिला पुण्याला कॉम्प्युटरच्या शिक्षणाला जागा मिळाली. चाचांनी तिला पुण्याच्या गाडीत बसवून दिलं त्या हंगामात गिनतीच्या मधे मधे आम्हाला तिच्याच बातम्या ऐकायला मिळत. "बावीस, बावीस, होस्टेल चांगलं आहे म्हणते, बावीस." दर रविवारी दुपारची नमाज झाली की ते बसस्टँडजवळच्या एसटीडीच्या काचेच्या खोक्यात शिरत, आणि थोड्याच वेळात बाहेर येत. तेव्हा त्यांचा चेहरा मापात काहीतरी कमी भरलं असावं तसा दिसे. मी हे दर रविवारी पाहत होतो, कारण माझा क्लास त्या बूथच्या समोरच होता.

क्लास म्हणजे खताच्या दुकानावरची एक खोली, दोन कॉम्प्युटर, आणि दाराबाहेर विद्यार्थ्यांच्या चपलांचा ढीग. कॉम्प्युटरला धूळ चालत नाही असं नागपूरला शिकून आल्यामुळे मी चपला बाहेर काढायला लावत असे. खालून युरियाचा वास येई त्याबद्दल मात्र माझ्याजवळ उपाय नव्हता. मी स्वतः सहा महिन्यांचा कोर्स करून आलेला मास्तर. विद्यार्थ्यांपेक्षा बरोबर एक धडा पुढे असायचो, आणि लाइन गेली की आम्ही सगळे सारखेच. नागपूरहून येताना मी पुस्तकी मराठीही घेऊन आलो होतो आणि ती क्लासात वापरायचो, म्हणजे लोकांना विद्या दिसावी. अशा या विद्यापीठात एका सोमवारी सकाळी चाचा चपला काढून, पायली काखेत धरून आले.

"मास्तर, मले क्याल्कुलेटर शिकव."

"चाचा, तुम्हाला कॅल्क्युलेटर कशाला हवा? तुमची बेरीज माझ्याहून पक्की आहे."

"वापराले नाई. बनवाले. ते वेबपेजवर बनवते ना, तसा."

सिंदेवाहीत वेबपेज हा शब्द माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही अशी माझी समजूत होती. मी त्यांना बसवलं आणि विचारलं. चाचांनी पायली मांडीवर घेतली. "पोरगी काल फोनवर बोलली का या हप्त्यात त्यायच्या सरानं क्याल्कुलेटर शिकवला. मी म्हणलो, कसा शिकवला, सांग. तर म्हणते, अब्बा, आपको नहीं समझेगा." त्यांनी पायली मांडीवर सारखी केली. "बरोबरच बोलली. नाई समजत. पन मग आमी बोलाव काय? जेवली का, तर हो. तब्येत बरी आहे का, तर हो. थंडी आहे का, तर हो. हे तीन सवाल झाले का मग नुसता मीटरच बोलून राह्यते." मी कॉम्प्युटर चालू केला.

चाचा एका बोटानं टाइप करत, आणि प्रत्येक अक्षर ठोकताना ते मोठ्यानं म्हणत. पहिल्याच आठवड्यात पायलीतल्या धानाचे दाणे की-बोर्डमध्ये जाऊन पाचचा आकडा बसला तो बसलाच. पुढे वर्षभर आमच्या क्लासात पाच हवे असले की शेजारच्या यंत्रावर जावं लागे. पण एचटीएमएल त्यांना माझ्यापेक्षा लवकर उमगलं. जी खूण उघडायची ती पुढे बंद करायची, हे मी अर्धा तास समजावलं. चाचा म्हणाले, "म्हणजे पोतं भरलं का तोंड शिवाचं." तेव्हापासून बंद करायच्या खुणेला आमच्या क्लासात सुतळी हेच नाव पडलं. पान नीट दिसेनासं झालं की पोरंपोरी एकमेकांना विचारायची, "सुतळी मारली का?" आणि दहांतल्या नऊ वेळा तीच राहिलेली असायची. रंगाचं प्रकरण आठ दिवस चाललं. उत्तराच्या पट्टीला त्यांना धान रोवल्यानंतर तिसऱ्या आठवड्यातल्या बांधीचा, म्हणजे भातखाचराचा, हिरवा हवा होता, दुसऱ्या आठवड्यातला नको आणि चौथ्यातला तर नकोच. मी आकडे बदलत गेलो आणि ते मान हलवत गेले. शेवटी एक हिरवा आला तेव्हा ते पडद्याला हात लावून म्हणाले, "हां. यात आता पाय ठेवला तर चिखल लागन." मग बटनांची मांडणी आली. "फोनवर बरकत वर असते, आणि इथी खाली. काऊन?" याचं उत्तर मला तेव्हा आलं नाही, आणि ज्यांना मी पुढे मोठमोठ्या ऑफिसांत विचारलं त्यांनाही नीटसं आलं नाही.

अर्थातच एकच्या बटनावर 'बरकत' लिहायचं ठरलं. मराठी अक्षरं तेव्हाच्या यंत्रांवर धड उमटत नसत, म्हणून ती बरकत इंग्रजी लिपीत लिहिली. मी चिडवायला विचारलं, "मग अकरा करायला बरकत बरकत दाबायचं का?" चाचा म्हणाले, "दोनदा बरकत कोनाले नको आहे?" खरा तंटा झाला तो शून्यावरून. पान उघडलं की पट्टीत शून्य दिसायचं, आणि पुसायचं बटन दाबलं की पुन्हा शून्य. "हे रिकामं माप पोरीपुढं ठेवू काय मी?" असं म्हणून चाचा उठलेच. दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी शून्य काढून तिथे 'मूठभर' असं लिहिलं, तर पुढे दाबलेल्या आकड्यात ते मूठभरही मिसळायला लागलं आणि उत्तराचा पार बोजवारा उडाला. चाचांना ते दाखवलं. त्यांनी पायलीच्या तळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "मूठ राह्यते, पन ते मोजाची नसते. पयलं माप भरलं का ते त्यातच जाते." मी तसं लिहिलं आणि जमलं.

आता बावीसची गोष्ट. सगळी बटनं बसली, वजाबाकी झाली, गुणाकार झाला, आणि बेरीज चुकली. दोन अधिक दोन, उत्तर बावीस. पाच अधिक तीन त्रेपन्न. मी पुस्तकं उलटीपालटी केली, नागपूरच्या सरांना फोन लावला, ते लग्नाला गेले होते. तीन दिवस मी "विजेचा दाब कमी आहे" असली कारणं देत होतो. चाचा बाजूला बसून प्रोग्रामच्या ओळी मोजत होते, "बारा, तेरा," आणि मोजता मोजता त्यांनी विचारलं, "मास्तर, तू इथी काय करते ते तुझ्या बापाले सांगते का कधी?"

मी वैतागलेलो होतो. "बाबांना काय कळणार त्यातलं, चाचा."

"चवदा," चाचा म्हणाले. "चवदा, चवदा." मला वाटलं ते पुढे काही बोलतील. पण ते बराच वेळ चवदावरच राहिले, आणि त्या दिवशी पंधरा म्हणालेच नाहीत. तसेच उठून घरी गेले. सापानं जी गिनती मोडली नव्हती ती माझ्या एका वाक्यानं मोडली, हे मला समजायला फार वर्षं लागली.

दुसऱ्या दिवशी मात्र येताच त्यांनी पडद्यावरच्या बावीसकडे निरखून पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "हे चुकून नाई राह्यलं. यानं मापं मिसळलीच नाई. दोन इथी ठेवले, दोन बाजूले ठेवले, आणि म्हणते पाहा. वजाबाकीत त्याले काढाव लागते म्हणून तिथी तो हात घालते. बेरजेत बाजूले ठेवून भागते म्हणून तो चुकारपना करते. त्याले आधी सांग का बाबा, हे धान आहे, ओत." मी तोंड उघडं टाकून पाहत राहिलो. यंत्र त्या दोनला आकडा न समजता अक्षर समजत होतं, आणि अक्षर अक्षराच्या बाजूलाच बसतं. तो आकडा आहे असं सांगणारा एक शब्द मी घातला, आणि दोन अधिक दोन चार झाले. हीच चूक मी पुढे कित्येक नव्या पोरांना समजावली. दर वेळी चाचांच्याच शब्दांत समजावली आणि दर वेळी ती स्वतःच्या हुशारीवर खपवली.

कॅल्क्युलेटर पुण्याला दिसायचा तर तो इंटरनेटवर चढवायला हवा, आणि इंटरनेट त्या दिवसांत चंद्रपूरला. चाचांनी ईदचा कुर्ता घातला. मी फ्लॉपी त्यांच्या हाती दिली, कारण मान त्यांचा होता. मूल गावी बस बदलून, जंगलातून धक्के खात आम्ही चंद्रपूरच्या सायबर कॅफेत पोचलो, आणि चाचांनी पायलीत हात घालून धानाखालून फ्लॉपी काढली. ती त्यांनी बरकतीसाठी मूठभर धानात पुरून आणली होती. तिच्या पत्र्याच्या झाकणात तूस गेलं होतं, आत कोंडा गेला होता. मशीननं ती घेतली, दोनदा घरघरली आणि परत बाहेर टाकली. कॅफेवाल्यानं ती उलटी करून आपटली तेव्हा टेबलावर चार दाणे पडले. मी तिथेच डोकं धरून बसलो. सव्वा वर्षाचं काम होतं, आणि दुसरी प्रत काढायची असते हा धडा मी स्वतः अजून वाचलेला नव्हता. क्लासातल्या यंत्राची डिस्क आदल्याच आठवड्यात बसली होती.

"लिव्ह," चाचा म्हणाले.

"काय लिहू?"

"मी सांगतो. बरकत," म्हणून त्यांनी पहिली ओळ सांगितली. मग दोन, मग तीन. प्रत्येक ओळ, प्रत्येक कंस, प्रत्येक सुतळी. माझं टाइप होईपर्यंत ते आकडा धरून ठेवत, "एकेचाळीस, एकेचाळीस," आणि मी मान वर केली की पुढची ओळ ओतत. आयुष्यभर ज्यानं दुसऱ्याच्या ढिगाची गिनती डोक्यात सांभाळली, त्याला शहाऐंशी ओळी म्हणजे काय. कॅफेतली पोरं आपापले खेळ सोडून आमच्या मागे येऊन उभी राहिली. शेवटची ओळ झाली, मी पान उघडलं, आणि हिरव्या पट्टीत 'मूठभर' उमटलं. चाचांनी दोन अधिक दोन केले. चार. त्यांनी डोळे पुसले आणि कॅफेवाल्याला म्हणाले, "तुमच्या इथी धूळ लय आहे."

पुढच्या रविवारी मी क्लासच्या खिडकीत उभा राहून समोरच्या काचेच्या खोक्याकडे पाहत होतो. चाचा आत शिरले. नेहमीचा वेळ झाला, ते बाहेर आले नाहीत. रिसीव्हर मान आणि खांद्यात धरून ते दोन्ही हातांनी हवेत काहीतरी ओतत होते. एक ओंजळ इकडे ठेवली, एक तिकडे ठेवली, मग दोन्ही मिसळल्या. मग ते हसायला लागले. बाहेर रांग लागली, लोक काचेवर टकटक करू लागले, आतून चाचा त्यांना हातानंच "सतरा, सतरा" करत थांबवत होते. किती वेळानं कोण जाणे, ते बाहेर आले आणि रस्ता ओलांडून चपलांसकट वर आले. त्यांना चपलांचं भान नव्हतं.

"मास्तर, तिचंही बावीसच आलं होतं. चार दिवस रडली म्हणते. आपल्याले तीनच लागले." मग ते खुर्चीत बसले आणि एकदम गंभीर झाले. "पन पाहा, आज जेवली का, हे विचाराचं राहूनच गेलं."

वर्षभरात मीही पुण्याला नोकरीला आलो. क्लास बंद पडला. खळ्यांवर वजनकाटे आले, मापाऱ्याचं काम सरलं. चाचा मात्र दर रविवारी नवं काहीतरी शिकत होते, फक्त आता शिकवायला त्यांची लेक होती. तिच्या लग्नानंतर ती दूर देशी गेली तरी ते थांबलं नाही. मी सुट्टीत गेलो की ते भेटायला येत आणि मला न येणारं काहीतरी विचारून जात. मग एका रविवारी बाबांनी फोन केला. माझा आणि बाबांचा फोन म्हणजे जेवला का, हो; तब्येत बरी ना, हो; पाऊस आहे का, आहे. त्या दिवशी त्यांनी चौथं वाक्य उच्चारलं. "आपले मापारी चाचा गेले." आणि मग "बरं, ठेवतो" म्हणून ठेवला.

गेल्या महिन्यात त्यांच्या लेकीचा ईमेल आला. इंटरनेटवरच्या ज्या फुकटच्या जागेवर आम्ही तो कॅल्क्युलेटर चढवला होता ती जागाच कंपनीनं केव्हाची बंद केली होती. तिनं विचारलं होतं, तुमच्याकडे त्याची प्रत आहे का, मला फक्त एकदा उघडायचा आहे. प्रत नव्हती. मी संध्याकाळी बसून तो पुन्हा लिहिला. आता अशी गोष्ट करायला नवी साधनं आहेत, पंधरा मिनिटांत होते. पण मी शहाऐंशी ओळींतच लिहायची म्हणून हट्टानं बसलो, आणि कानात चाचा एकेक ओळ धरून बसले होते. हिरवा रंग तेवढा जमेना. चाचा असते तर त्यांनी पडद्याला हात लावून पाहिला असता. आता बरकत देवनागरीत उमटली. मी तो तिला पाठवला. तिचं उत्तर आलं ते इतकंच: सगळं पुसलं, मूठ राहिली.

मला चाचा हवे होते. त्यांना चवदाच्या पुढचा आकडा विचारायचा होता. मग मी घरी फोन लावला. बाबांनी उचलला आणि ते पहिला प्रश्न विचारणार इतक्यात मी म्हणालो, "बाबा, आयका ना. मी इथी काय काम करतो ते तुमाले सांगतो. समजा दोन माप धान आहे, आनि अजून दोन माप आहे. पन मशीननं ते मिसळलं नाई, बाजूबाजूले ठेवलं. तर किती दिसन?"

मला वाटलं ते आता ठेवतील.

"बावीस दिसन," बाबा म्हणाले. आणि मग हसले. मी फोनवर त्यांना हसताना पहिल्यांदाच ऐकत होतो. "त्याले ओताले सांग ना लेका. आमी नाई का, लाभ म्हणलं का ओततो. थांब, तुले पूरं सांगतो." मग त्यांनी खळं सांगितलं, माप सांगितलं, चाचांचा सापाचा किस्सा त्यांच्या बाजूनं सांगितला, ज्यात पळून गेलेला मी एकटाच होतो. मी त्यांना बटनं सांगितली, सुतळी सांगितली. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, जेवला का, हे विचारायचं दोघांचंही राहून गेलं होतं.